एकोणतीस नंबरपुढची जागा

हाईम : विजेचं बिल चालतं, गॅसचं बिल चालतं, भाड्याची पावती चालते. लग्नपत्रिका नाही चालत, डॉक्टर.

पद्माकर : का नाही चालत? तिच्यात दोघांची नावं आहेत, तारीख आहे, मुहूर्त मिनिटांसकट आहे. तुमच्या गॅसच्या बिलात असते का एवढी माहिती?

हाईम : पत्ता शनिवार पेठेतल्या मंगल कार्यालयाचा आहे. आमच्या कौन्सिलची पार्किंग परमिटं लंडनच्या या टाउन हॉलपासून कालव्यापर्यंतच्या गल्ल्यांना. शनिवार पेठ आमच्या झोनमध्ये येत नाही.

पद्माकर : हाईमकाका, थट्टा नको. मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, बायको या पत्त्यावर राहते त्याचा पुरावा आणा.

हाईम : राहते त्याचा म्हणालो. लग्न झालं त्याचा नव्हे. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, निदान कौन्सिलच्या लेखी.

पद्माकर : ही माझी चौथी खेप आहे. पहिल्यांदा तुम्हाला मतदारयादीतला उतारा हवा होता. आणला. दुसऱ्यांदा गाडीचा विमा. आणला. तिसऱ्यांदा हा पुरावा, आणि वर म्हणालात, फॉर्म निळ्या शाईत आहे, काळ्या शाईत भरून आणा. आठ वर्षं मी या देशात निळ्या शाईनं मॉर्फीन लिहून देतो आहे, कुणी हरकत घेतली नाही. आणि तुम्हाला रस्त्याच्या कडेला एक मॉरिस गाडी उभी करायला काळी शाई हवी!

हाईम : मॉर्फीनवर चिकटवायला स्टिकर नसतो, डॉक्टर.

पद्माकर : परमिट तीस नोव्हेंबरला संपलं. आज सहा डिसेंबर. मुदतीनंतर आठवडाभराची सवलत असते, म्हणजे आजचा आणि उद्याचा दिवस. नियम मी वाचलेले आहेत.

हाईम : तुम्ही वाचले असणारच. लंडनमध्ये ते पत्रक वाचणारे आपण दोघेच. तिसरा लिहिणारा, पण त्यानं वाचलंय असं वाटत नाही.

पद्माकर : मग शिक्का मारा.

हाईम : गाडीच्या नोंदणीचं लॉगबुक?

पद्माकर : ते तिच्याकडे आहे. गाडी तिच्याकडे, म्हणून लॉगबुक तिच्याकडे. पेट्रोलची कुपनं लॉगबुक दाखवल्याशिवाय पोस्टात मिळत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे.

हाईम : आणि त्या सध्या...

पद्माकर : कॉव्हेंट्रीला. भावाकडे. त्याच्या बायकोचं बाळंतपण आहे. आता पेट्रोलचा हा असा दुष्काळ. नव्वद मैल यायचं म्हणजे कुपनं पुरायला नकोत? म्हणून लांबलं. नाही तर केव्हाच आली असती.

हाईम : पेट्रोल नाही हे खरं आहे.

पद्माकर : बघा, तुम्हीसुद्धा मान्य करता.

हाईम : पेट्रोल नाही एवढंच मान्य केलं. त्या गेल्या केव्हा?

पद्माकर : हा प्रश्न फॉर्मवर आहे?

हाईम : सहावा रकाना. ‘अर्जदार या पत्त्यावर सलग किती काळ.’

पद्माकर : ऑक्टोबरच्या चौदा तारखेला गेली. रविवार होता.

हाईम : म्हणजे बायकांना बाळंत व्हायला आठ आठवडे लागतात हल्ली. असेल. तुम्ही डॉक्टर.

पद्माकर : मी भूल देतो. बाळंतपणं करत नाही.

हाईम : बरं, ते राहू द्या. दुसरं एक आहे तुमच्या नावावर. एकतीस नंबरच्या मिसेस व्हिटलॉक दोनदा येऊन गेल्या. तुमच्या एकोणतीस नंबरच्या दारापुढे रस्त्यावर स्वयंपाकघरातली खुर्ची असते म्हणाल्या.

पद्माकर : असते.

हाईम : परमिटचा अर्थ असा की तुम्ही झोनमध्ये कुठंही गाडी लावू शकता. आपल्या दारापुढचीच जागा आपली, असा अर्थ नाही. खुर्ची ठेवून जागा धरणं, हे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यासारखं झालं.

पद्माकर : तिला गाडी मागे घेऊन लावता येत नाही. दोन गाड्यांच्या मध्ये तर अजिबातच नाही. तिला सरळ आत येण्याएवढी जागा लागते, आणि तरी मी फुटपाथवर उभा राहून सांगतो. थोडं मागे, आणखी थोडं, चाक सरळ कर, बस्स. ती आली आणि जागा नसली तर? ती गल्लीला एक फेरी मारेल, दुसरी मारेल, आणि परत निघून जाईल. मी ओळखतो तिला.

हाईम : तुम्ही स्वतः चालवत नाही?

पद्माकर : मी टेस्टला दोनदा बसलो. परीक्षक पूर्वग्रहदूषित होता.

हाईम : दोन्ही वेळा?

पद्माकर : दोन वेगळे परीक्षक होते. पूर्वग्रह एकच होता. ती चौथ्या खेपेला पास झाली. त्यानंतर मला रात्रीच्या ड्यूटीला तीच सोडायची.

हाईम : आणि तुम्ही शेजारी बसून गाडी कशी चालवावी ते सांगायचात.

पद्माकर : तिनं सांगितलं तुम्हाला?

हाईम : मी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला तुमच्याबरोबर मागच्या सीटवर बसून आलो होतो, डॉक्टर. मी ज्यू माणूस; गणपतीला जाताना वाटेतच पाचदा देवाचं नाव घेतलं. त्यांच्या चालवण्यामुळे नव्हे, तुमच्या सूचनांमुळे. तर मिसेस व्हिटलॉक. त्यांची पहिली तक्रार रिकाम्या खुर्चीबद्दल होती. दुसरी तक्रार अशी, की आता खुर्चीवर तुम्ही बसलेले असता.

पद्माकर : फक्त शनिवार-रविवारी. इतर दिवशी मला काम असतं.

हाईम : ओव्हरकोट घालून. छत्री उघडून.

पद्माकर : पाऊस असला तर छत्री उघडणारच. पार्किंगचा वॉर्डन येऊन बघून गेला. त्यालाही काही सापडलं नाही.

हाईम : त्यानं नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. खुर्चीला दंड नाही, माणसाला नाही. त्यानं रिपोर्टात लिहिलं, ‘वाहन अनुपस्थित, चालक उपस्थित.’ मी दुरुस्त करून ‘चालक’ काढलं. तुमच्या पूर्वग्रहदूषित परीक्षकांचा मान ठेवून.

पद्माकर : आभारी आहे. आता शिक्का.

हाईम : फॉर्म द्या इकडे. अर्जदार : अनुराधा पद्माकर आठल्ये. डॉक्टर, पुन्हा तेच?

पद्माकर : ते तिचं नाव आहे.

हाईम : गाडी सुमन खांबेटे यांची आहे. लॉगबुकवर सुमन, लायसन्सवर सुमन, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सुमन. कारण डिग्री सुमनची. तीन वर्षांपूर्वी झोन सुरू झाला तेव्हा याच एका गाडीसाठी दोन अर्ज आले. एक सुमनबाईंनी पाठवलेला, एक तुम्ही अनुराधाबाईंच्या नावानं पाठवलेला. आमच्या साहेबांनी, मिस्टर प्रॅटनी, मला बोलावून हळू आवाजात विचारलं, रोहेकर, तुमच्या देशात हे चालतं का? एक डॉक्टर, दोन बायका आणि एक मॉरिस?

पद्माकर : ते मी तेव्हाच लेखी देऊन निस्तरलं.

हाईम : तुम्ही चार ओळी दिल्यात. दोन पानं मला लिहावी लागली. ‘महाराष्ट्रीय हिंदू विवाहातील नामकरणाची पद्धत, पार्किंगच्या दृष्टीने.’ लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, वगैरे. प्रॅटसाहेबांनी सगळं मन लावून वाचलं. मग विचारलं, आणि नवरा काय बदलतो? मी म्हटलं, धोतर. दुसऱ्या दिवशी.

पद्माकर : त्यात हसण्यासारखं काय आहे? पद्धत आहे ती.

हाईम : मी कुठं हसलो? अनुराधा नाव कुणी निवडलं?

पद्माकर : आईनं. गुरुजींनी ‘अ’ अक्षर काढून दिलं होतं.

हाईम : आणि त्यांना विचारलं?

पद्माकर : गुरुजींना?

हाईम : सुमनबाईंना.

पद्माकर : तेव्हा विचारायची पद्धत नव्हती. तुम्ही विचारलं होतं दिनाकाकूंना?

हाईम : बदलायचंच नव्हतं, तर विचारायचं काय. आणि आमच्या दिनाचं नाव बदलायला मी गेलो असतो, तर तिनं नवराच बदलला असता. खाली सही कुणाची आहे?

पद्माकर : तिची.

हाईम : डॉक्टर.

पद्माकर : तिच्या वतीनं.

हाईम : ही सही प्रिस्क्रिप्शनसारखी आहे. केमिस्टलाच लागेल. असं करा, फॉर्म घरी घेऊन जा. जानेवारीत या. जानेवारीत मी तुम्हाला नवा कोरा फॉर्म देतो.

पद्माकर : जानेवारीत मुदत गेलेली असेल.

हाईम : तेच म्हणतो. मुदत गेली की तुमच्या हाती काही राहत नाही, माझ्याही हाती काही राहत नाही. दोघंही सुटलो.

पद्माकर : काका, मी ऑपरेशनच्या टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला बसणारा माणूस आहे. सर्जन पोटाकडे बघत असतो, मी श्वासाकडे. श्वास जरा अडखळला की मला कळतं. तुम्ही आत्ता ते लाकडी कपाट बघितलंत आणि तुमचा श्वास अडखळला. पहिल्या खेपेलाही अडखळला होता. त्या कपाटात काय आहे?

हाईम : फायली.

पद्माकर : आमची फाइल?

हाईम : अर्जदाराची माहिती गोपनीय असते.

पद्माकर : नवऱ्यापासून?

हाईम : कौन्सिलच्या नियमांत नवरा हा शब्दच नाही. रहिवासी आहे, वाहनधारक आहे, पाहुणा आहे, व्यापारी आहे. पियानो हलवणाऱ्यांसाठी वेगळं कलम आहे. नवऱ्यासाठी नाही.

पद्माकर : म्हणजे काहीतरी आलंय.

हाईम : मी तसं म्हटलं नाही.

पद्माकर : तिनं पाठवलंय. कॉव्हेंट्रीहून. केव्हा?

हाईम : डॉक्टर, माझ्या निवृत्तीला सात महिने राहिलेत.

पद्माकर : केव्हा?

(हाईम खिडकीवर ‘बंद’ची पाटी उलटवतो आणि खुर्ची काचेजवळ ओढून घेतो.)

हाईम : नोव्हेंबरच्या सात तारखेला. परमिट परत आलं.

पद्माकर : परत.

हाईम : कात्रीनं मधोमध कापून. तसा नियम आहे. रद्द करायचं परमिट कापून पाठवावं. या तीन वर्षांत कुणी पाळला नव्हता तो. लोक फेकून देतात, नाही तर शेजाऱ्याला विकतात.

पद्माकर : तिला नियम मी समजावून सांगितला होता. झोन सुरू झाला तेव्हा. आख्खं पत्रक वाचून दाखवलं होतं एका रविवारी.

हाईम : चांगलं वाचलं असणार.

पद्माकर : महिना झाला. आणि तुम्ही मला मतदारयादी आणायला लावलीत. विमा आणायला लावलात. शाई!

हाईम : तुम्ही फॉर्म दिलात की मला त्यावर ‘नामंजूर’ लिहून कारण लिहावं लागणार. अपुऱ्या कागदपत्रांच्या फॉर्मवर काही लिहावं लागत नाही. तो नुसता अपुरा असतो. मला वाटलं, जितके दिवस अपुरा राहील तितके दिवस बरं.

पद्माकर : बाळंतपण वगैरे नाहीच आहे. तुम्हाला माहीत होतं.

हाईम : नवा पत्ता त्यांना द्यावा लागला. हॉस्पिटलच्या क्वार्टर्सचा आहे.

पद्माकर : मुख्य टेक्निशियन. पॅथॉलॉजीत. जागा चांगली आहे. इथं तिला ती दहा वर्षांत मिळाली नसती... मी सांगू तुम्हाला काय झालं? कुणाला सांगितलेलं नाही.

हाईम : पाटी लावलेली आहे. सांगा.

पद्माकर : ऑगस्टमध्ये मी रात्रीची ड्यूटी करून सकाळी घरी आलो. दोन सिझेरियन, एक फुटलेलं अपेंडिक्स. दारात पत्र पडलेलं. मिस एस. खांबेटे. आमच्या घरात पूर्वीच्या भाडेकरूंची पत्रं येतात अजून. मी त्यांच्यावर लिहितो, ‘या नावाची व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही,’ आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकतो. तसंच लिहिलं. तसंच टाकलं. आणि वर जाऊन झोपलो.

हाईम : अरे देवा.

पद्माकर : मुद्दाम नाही केलं. कुणीही म्हणेल मुद्दाम केलं. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. माणूस भांडू तरी शकतो. मी खरोखर ते नाव वाचलं आणि मला कुणी आठवलंच नाही.

हाईम : तीन वर्षांपूर्वी तुम्हीच इथं लिहून दिलं होतंत. ‘सुमन खांबेटे आणि अनुराधा आठल्ये ही एकच व्यक्ती असून ती माझी पत्नी आहे.’

पद्माकर : हो. काळ्या शाईत.

हाईम : मग?

पद्माकर : ते इंटरव्ह्यूचं पत्र होतं. तिनं मला न सांगता अर्ज केला होता. त्याआधी दोनदा सांगून केला होता, आणि दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, कॉव्हेंट्रीत माझं काय आहे? पत्र येईना म्हणून तिनं फोन केला. तिकडच्या बाईनं सांगितलं, पत्र परत आलं, असा असा शेरा आहे. बाईनं शेरा वाचून दाखवला.

हाईम : खूप बोलल्या असतील तुम्हाला.

पद्माकर : नाही. मी घरी आलो तर पोळ्या करत होती. मी म्हणालो, अगं, चूक झाली, झोपेत होतो. ती म्हणाली, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही खरं तेच लिहिलंत. आणि विचारलं, भाजीत गूळ घालू का.

हाईम : तुम्ही काय म्हणालात?

पद्माकर : मी म्हणालो, थोडा.

हाईम : हं.

पद्माकर : नंतर दोन महिने ती घरात होती. मला वाटलं, मिटलं. रविवारी सकाळी बॅगा गाडीत ठेवल्या, म्हणाली, निघते. आणि काका, त्या दिवशी ती मागे-पुढे न करता, कुणी काही सांगायच्या आत, एका दमात गाडी काढून गेली. मी फुटपाथवर हात वर करून उभा होतो.

हाईम : पाणी देऊ?

पद्माकर : नको. फाइलमध्ये आणखी काय आहे?

हाईम : एक फॉर्म आहे. फॉर्म मला दाखवता येणार नाही. त्याच्या पाठीमागे काही मजकूर आहे. तो मराठीत आहे. कौन्सिलच्या लेखी मराठी मजकूर म्हणजे शाईचे डाग. डाग गोपनीय नसतात.

पद्माकर : वाचा.

हाईम : चष्मा... हं. ‘हाईमकाका, स. न. परमिट परत करते आहे. इथं हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावायला भरपूर जागा आहे. आमचे हे नव्या परमिटचा फॉर्म घेऊन तुमच्याकडे येतील. सही त्यांनीच केलेली असेल. त्यांच्यावर रागावू नका. ऑपरेशनच्या दिवशी ते सकाळपासून काही खात नाहीत, तेव्हा दुपारनंतर आले तर आधी चहा विचारा.’ मी विचारणार होतो. पण विजेची बचत म्हणून सरकारनं ऑफिसातल्या किटल्या बंद केल्यात.

पद्माकर : आणखी?

हाईम : ‘दिनाकाकूंना नमस्कार.’ एवढंच.

पद्माकर : मला काय म्हटलंय तिनं? परत वाचा ते.

हाईम : ‘आमचे हे.’

पद्माकर : असंच लिहिलंय?

हाईम : असंच. बाकी सगळं खोडूनबिडून लिहिलंय. हे खोडलेलं नाही.

पद्माकर : नाव नाही घेतलं.

हाईम : नाही घेतलं.

पद्माकर : चौदा वर्षांत एकदाही घेतलं नाही. मी म्हणायचो, अगं, इंग्लंडमध्ये आहोत आपण, पद्माकर म्हण. तर हसायची... खाली सही काय आहे?

हाईम : सुमन. नुसतं सुमन.

पद्माकर : सुमन. मी पत्रिकेत वाचलं होतं हे नाव. हाक कधी मारली नव्हती.

हाईम : पत्ता मला देता येत नाही, डॉक्टर. देता आला असता तरी दिला नसता. त्यांनी मागितलं ते एवढंच, की तुमच्यावर रागावू नये.

पद्माकर : मला पत्ता ठाऊक आहे. मी कधीच शोधून काढला होता. पत्रही लिहिलं. पाकिटावर नाव लिहायची वेळ आली आणि... कुठलं लिहायचं? अनुराधा लिहिलं तर तिथं तसं कुणी राहत नाही. आणि सुमनला काय लिहितात ते मला येत नाही. पत्र खिशातच आहे.

हाईम : मी फॉर्म परत देऊ?

पद्माकर : नको. ‘नामंजूर’ लिहा. कारण लिहा. अपुरा ठेवू नका.

हाईम : विचार करा. उद्यापर्यंत सवलत आहे.

पद्माकर : लिहा, काका.

हाईम : ... ‘अर्जदार या पत्त्यावर राहत नाही.’ लिहिलं. 

पद्माकर : अक्षर चांगलं आहे तुमचं. आता मला एवढंच सांगा. तिची ती जागा. तिचं काय होतं?

हाईम : काही होत नाही, डॉक्टर. ज्याच्याकडे परमिट आहे, तो लावेल गाडी.

पद्माकर : केव्हापासून?

हाईम : आजपासूनच. साडेपाचला लोक कामावरून घरी येतात.